होंडा सिटी व्हीटेक, ४०२ मीटरच्या ड्रॅग रेसला लाँच (जागेवरून सुटणं) बसत नाहीये

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी पळवायचीय, पण क्लच सोडला की पुढची चाकं जागेवरच फिरतात. सस्पेन्शनची स्प्रिंग बदलू की फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्समधला चाकांआधीचा शेवटचा गिअर) छोटा करू, म्हणजे ओढ जास्त पण वेग कमी?

टर्बो_पुणे: भावा, फायनल ड्राइव्हला आत्ता हातच लावू नको, फ्रंट व्हील ड्राइव्हला (इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) त्याने पहिला गिअर अजून छोटा झाला तर चाकं जास्तच फिरतील. लाँचला वजन मागे जातं, गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची ग्रिप जाते, म्हणून मागे कडक स्प्रिंग टाक, पुढच्या डॅम्परचा (शॉक अब्सॉर्बरचा) रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उघडतानाचा विरोध, कडक कर म्हणजे नाक पटकन उचलणार नाही. पुढच्या टायरची हवा थोडी कमी, मागे जास्त.

घाटमाथा: एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक फिरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा) आहे का? नसेल तर पहिला खर्च तोच. ओपन डिफमध्ये (साध्या डिफरन्शियलमध्ये) एक चाक ग्रिप सोडून फिरलं की दुसऱ्याकडेही ताकद जात नाही, मग सस्पेन्शन कितीही चांगलं असो.

टर्बो_पुणे: बरोबर. आणि पहिल्या ६० फुटांचा टाइम बघत जा, लाँच सुधारला की नाही ते तिथेच कळतं. गिअरिंग नंतर बघ, फिनिश लाइनच्या जरा आधी गिअर शिफ्ट करावा लागत असेल तर गिअर रेशो चुकलाय, तिथे उगाच वेळ जातो.