मदत हवी आहे: मोटरचा पलंग पाठ उचलताना सुरुवातीलाच अडकतो

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी एमएस (साध्या पोलादी) पाइपचा पलंग बनवला आहे. पाठीचा भाग ८० सेंमी, ॲक्च्युएटर (रॉड पुढे-मागे सरकवणारी मोटर) २४ व्होल्ट, ३००० न्यूटन, स्ट्रोक (रॉड बाहेर येण्याची लांबी) १५० मिमी. पलंग सपाट असताना बिजागरीच्या पिनपासून ॲक्च्युएटरच्या रेषेचं लंब अंतर ५ सेंमी भरतं. रिकामा असताना ६५ अंशांपर्यंत सहज उठतो, पण ८५ किलोचा माणूस झोपवला की मोटर नुसती गुणगुणते. थोडा हात लावून उचलला की पुढे आपोआप जातो. दुसरं, पाठ उठताना रुग्ण पायथ्याकडे सरकतो. ६००० न्यूटनचा घ्यावा का?

प्रतिसाद १
मोठा ॲक्च्युएटर घेऊ नका, फ्रेम वाकेल. आधी हिशोब बघा. कमरेवरचं वजन साधारण ४३ किलो, फ्रेम-गादी १२ किलो, म्हणजे ५४० न्यूटन. तो भार पिनपासून ३५ सेंमीवर धरला तर १८९ न्यूटन-मीटर. भागिले लंब अंतर ०.०५ मीटर: ३७८० न्यूटन जोर लागतो. तुमच्याकडे ३०००च आहेत.

पाठीच्या फ्रेमखाली १२ सेंमीचा आडा (खाली येणारा दांडा) असा वेल्ड करा, की अर्ध्या उचलीवर (३२ अंशांच्या आसपास) तो ॲक्च्युएटरशी काटकोनात येईल. मग सपाट असतानाही लंब अंतर १० सेंमी मिळतं, जोर १८९० न्यूटनवर येतो, स्ट्रोक १३० मिमीत भागतो. आड्याला दोन्ही बाजूंनी ६ मिमीची पट्टी लावा, एकाच बाजूने लावली तर पिन तिरकी होऊन रॉड घासतो.

ॲक्च्युएटरच्या वरच्या पिनचं भोक लांबट ठेवा, म्हणजे मोटर पाठ फक्त वर ढकलेल, खाली ओढणार नाही. पाठ स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी. मोटरने ओढून आणली तर खाली अडकलेला हात चिरडेल.

प्रतिसाद २
घसरण्याचं कारण म्हणजे माणसाचा खुबा बिजागरीच्या बराच वर असतो, १० सेंमीची गादी आणि वर शरीर. पाठ उठते तशी ती त्याला पायथ्याकडे ढकलते. कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं, आणि माकडहाडावर जखम होते ती यामुळेच. हे दुर्लक्षू नका.

आधी गुडघे १५-२० अंश उचला, मग पाठ. उतरवताना उलट, आधी पाठ. जमल्यास पाठीचा भाग उठताना रुळावरून डोक्याकडे ८-१० सेंमी मागे सरकेल असं करा. आणि पाठ वर आल्यावर रुग्णाला क्षणभर पुढे झुकवून पाठ गादीपासून सुटी करा.

प्रतिसाद १
बॅटरी लावणार असाल तर १२ व्होल्टच्या दोन सिरीजमध्ये. २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (विजेवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) त्या पूर्ण चार्ज होत नाहीत, सुमारे २७ व्होल्ट लागतात. नाहीतर वीज गेली की ऐन वेळी पाठ अर्ध्यावर राहते. मोटर सलग २ मिनिटं चालवली की १८ मिनिटं थांबा. कठड्याच्या गजांमधली फट १२ सेंमीपेक्षा कमीच ठेवा.