मदत हवी आहे: गाड्यावरची ओल्या खोबऱ्याची चटणी

नमस्कार मंडळी. डिचोलीजवळ आमचा भाजी-पावाचा गाडा आहे. सासूबाईंनी सुरू केला, आता मी आणि नवरा बघतो. गेल्या आठवड्यात रोज येणाऱ्या चार मुलांना आमच्याकडे खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. एकाला सलाईन लागलं. मुलं आता बरी आहेत, त्यांच्या आया मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्यामुळेच जास्त लागलंय. गाडा बंद ठेवलाय.

त्या दिवशीचं सगळं आठवून पाहिलं. मिरच्या, वडे कढईतून थेट गिऱ्हाइकाच्या हातात. पातळ भाजी शेवटपर्यंत स्टोव्हवर रटरटत होती. चटणी मात्र दुपारी ३ ला वाटली ती रात्री ८ पर्यंत डब्यात बाहेरच, आणि मे महिन्यातला हा उकाडा. शिवाय खोबरं खवताना आदोळीवर बोट कापलं होतं. पट्टी गुंडाळून त्याच हाताने वाटण काढलं.

नळाचं पाणी बाधलं असेल का? शेजारीण म्हणते चटणी उकळून ठेव. चालेल का? चटणी बंद करायला मन होत नाही, लोक तिच्यासाठीच येतात.

प्रतिसाद:
ताई, मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण पाण्यातल्या जंतूंचा त्रास बहुधा उशिरा आणि जुलाबांनी सुरू होतो. १ ते ६ तासांत उलट्या म्हटल्यावर मला आधी तुमचं कापलेलं बोट दिसतं. जखमेत, नाकात स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो. उबेत ठेवलेल्या अन्नात तो वाढतो आणि विष सोडतो. उकळल्यावर जंतू मरतात, विष तसंच राहतं. त्यामुळे शेजारणीचा उपाय उपयोगाचा नाही.

५ ते ६० अंशांच्या मधे अन्न ठेवायचं नाही, एवढं धरून चाला. घरून वाटण लहान लहान डब्यांत बर्फाच्या पेटीत न्या, एक संपला की दुसरा उघडा, उरलेलं परत मिसळू नका. पाणी उकळून गार केलेलंच घ्या. बोट बरं होईपर्यंत वाटण नवऱ्याला करू द्या, हात साबणाने धुऊन.

पुन्हा कोणाला त्रास झाला तर उरलेली चटणी टाकू नका. फ्रीजमध्ये ठेवा आणि आरोग्य केंद्रात कळवा.

धागाकर्ती:
खूप आभार. बर्फाची पेटी उद्याच आणते. त्या चार घरी जाऊन हे सगळं सांगणार आहे, बोटाचंसुद्धा.