'पुरावा आढळलेला नाही' या वाक्याखाली सही करू का?

रात्रपाळी

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, कारण अर्धवट सांगितलं तर तुम्ही मला साव समजाल, आणि या प्रकरणात मी तो नाही.

एका मध्यम आकाराच्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो. नऊ वर्षं झाली. गेल्या मंगळवारी बाहेरच्या कुणा माणसाची मेल आली: तुमची बॅकअपची फाइल इंटरनेटवर उघडी पडलीय, पत्ता हा असा, मी फक्त फाइलचं नाव आणि साइज बघितली, उतरवून घेतलेली नाही. (ही त्याची दुसरी मेल. पहिली आठवडाभर आधी आली होती. सपोर्टवाल्यांनी ती स्पॅम समजून तिकीट बंद केलं.) मी घरच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या नेटवर्कच्या बाहेरून, तो पत्ता टाकला. ना लॉगिन, ना काही. थेट डाउनलोड सुरू, ३.८ जीबी. पोटात गोळा आला. लगेच थांबवलं, दहा मिनिटांत दार बंद केलं आणि मग खोदायला बसलो.

झालं होतं असं की पाच महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याला बाहेरच्या व्हेंडरला चाचणीसाठी एक छोटी फाइल द्यायची होती. ती ज्या बकेटमध्ये (म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्यात) होती, ती त्याने 'पब्लिक' केली. काम झालं, बकेट तशीच राहिली. रात्रीचा बॅकअपही त्याच बकेटमध्ये पडतो, रोज त्याच नावाने, जुन्यावर नवा.

आत काय होतं? ग्राहकांची नावं, ईमेल, फोन, पासवर्डचे हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेले कोड, ज्यांवरून थेट पासवर्ड काढता येत नाही). शिवाय 'तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय' छाप प्रश्नांची उत्तरं, साध्या मजकुरात. हॅश बहुतेकांचे बीक्रिप्ट या भक्कम पद्धतीचे आहेत, पण ज्यांनी तीन वर्षांत लॉगिनच केलेलं नाही त्यांचे अजून एमडी५ या जुन्या, कच्च्या पद्धतीचे आहेत. पुढच्या लॉगिनला आपोआप बदलतील असं ठरलं होतं. ते आलेच नाहीत, तर बदलणार कधी?

आता माझी बाजू. फाइल कुणी उतरवून नेली का, हे ॲक्सेस लॉगवरून (कुणी कधी कुठली फाइल मागितली याच्या नोंदींवरून) कळलं असतं. ते लॉग आम्ही चालू केले होते. आठ महिन्यांपूर्वी बंद केले. कुणी? मी. खर्च कमी करायची मोहीम निघाली होती, लॉग साठवायचा खर्च बिलात ठळक दिसत होता, वरून 'हे लागतं का?' असं विचारलं गेलं. तिकिटात माझ्याच शब्दांत लिहिलंय: 'तात्पुरतं बंद. पुढच्या तिमाहीत बघू.' अशा दोन तिमाह्या उलटून गेल्या.

ग्राहकांना जाणाऱ्या पत्राचा मसुदा काल आला. त्यातली दोन वाक्यं: 'आपल्या माहितीचा गैरवापर झाल्याचा कोणताही पुरावा आम्हाला आढळलेला नाही. आपले पासवर्ड एन्क्रिप्टेड स्वरूपात होते.' सोबत एक अंतर्गत फॉर्म आहे, 'वरील मजकूर तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे' असं लिहिलेला. खाली माझी सही हवी आहे.

मॅनेजर म्हणतो, 'यात खोटं काय आहे? सापडला का पुरावा? नाही ना?' आणि शब्द धरून बसलं तर त्याचं चूक नाही. पुरावा सापडलेला नाहीच. सापडेल अशी जागाच मी मोडून ठेवली होती. परवा रात्रीपासून हे वाक्य डोक्यात फिरतंय.

सही करू? नाही केली तर पहिला प्रश्न येणार, 'लॉग कुणी बंद केले?' सोमवारी पत्र जाणार आहे.

---

अटी लागू

मी अशा पत्रांचे मसुदे तपासण्याचंच काम करतो, म्हणून उलट्या बाजूने लिहितो. शिव्या खायची तयारी आहे.

ते वाक्य कुणी लबाडीने लिहिलं असेलच असं नाही. ते साच्यातलं वाक्य आहे. वकील ते घालतात कारण 'गैरवापर झाला' हे सिद्ध झालेलं नसतं आणि 'झाला नाही' असं म्हणायची सोय नसते. मधली जागा तेवढीच उरते. दर पत्रात 'आम्हाला काहीच माहीत नाही' असं लिहायला लागलो तर लोक घाबरून सपोर्टचे फोन जाम करतील, नाहीतर अशी पत्रं वाचायचीच सोडून देतील.

तुमच्यासाठी व्यवहाराचा मुद्दा वेगळा आहे. सही करू की नको यावर अडून बसू नका. फॉर्ममध्ये शेऱ्याची जागा असते. तिथे लिहा, 'या काळातील ॲक्सेस लॉग उपलब्ध नाहीत, त्यामुळे फाइल उतरवली गेली किंवा नाही हे या नोंदींवरून सांगता येत नाही.' मग सही करा. पुढे काय छापायचं तो त्यांचा निर्णय. तुमचं म्हणणं कागदावर राहील.

आणि युरोपातले ग्राहक असतील तर जीडीपीआरचे (तिथल्या माहिती संरक्षण कायद्याचे) ७२ तास तुम्हाला कळल्यापासून मोजले जातात. ती नियामकाला द्यायची खबर आहे, ग्राहकांच्या पत्राशी तिची गल्लत करू नका. मंगळवार म्हणताय म्हणून विचारतो, कुणी कळवलंय का?

---

परतीचा पाऊस

दोनच ओळी लिहिते. मला असं पत्र आलेलं आहे, दुसऱ्या एका कंपनीचं. 'पुरावा आढळलेला नाही' एवढं वाचलं आणि मेल बंद केली. पासवर्ड बदलला नाही, कारण मला त्याचा अर्थ 'काळजी करू नका' असाच लागला. दीड-दोन महिन्यांनी माझ्याच दुसऱ्या एका खात्यात कुणीतरी शिरलं. तिथे मी तोच पासवर्ड ठेवला होता, चूक माझीच. पण त्या पत्रात 'आम्हाला सांगता येत नाही' असं असतं तर मी त्याच संध्याकाळी उठून बदलला असता.

अटी लागू, लोक घाबरतील म्हणता. त्या दिवशी मला थोडं घाबरवायलाच हवं होतं.

---

जुनाट सर्व्हर

रात्रपाळी, आधी कामाचं सांगतो, मग प्रवचन.

लॉग नाहीत म्हणजे काहीच नाही असं समजून बसू नका. बिल बघितलंत का? तुमची बकेट ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीवर असेल तर बिलिंगच्या भागात वापराचा रिपोर्ट काढता येतो. त्यात बकेटचं नाव, कुठल्या प्रकारची विनंती किती वेळा आली आणि किती बाइट बाहेर गेले, हे तासावारी मिळतं. कोण आलं ते कळणार नाही, आयपी मिळणार नाही. पण ३.८ जीबीची फाइल गुपचूप बाहेर जाऊ शकत नाही, तिचे पैसे लागतात. तुम्ही लॉग ठेवायचे विसराल, विकणारा मोजायचं विसरत नाही. आणि बॅकअप वर चढतो तेव्हा माहिती आत येते, बाहेर जाते ती वेगळी मोजली जाते, त्यामुळे घोटाळा होणार नाही. एक चाळणी मात्र लावा: तुमच्याच कुणी घरून ती फाइल खेचली होती का ते आधी विचारा. तुमची स्वतःची मंगळवारची धडपडही त्यात दिसेल.

आता 'पुरावा नाही'बद्दल. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं हे वाक्य आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लास्टपासने (लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवणारी कंपनी) जाहीर केलं की त्यांच्या डेव्हलपमेंटच्या सिस्टिममध्ये कुणीतरी शिरलं, सोर्स कोडचा काही भाग गेला, पण ग्राहकांची माहिती किंवा व्हॉल्ट (त्यांच्या पासवर्डच्या तिजोऱ्या) यांना हात लागल्याचा पुरावा दिसलेला नाही. नोव्हेंबर संपता संपता त्याचं 'ग्राहकांच्या माहितीच्या काही भागापर्यंत कुणीतरी पोचलं' असं झालं. २२ डिसेंबरला कळलं की ग्राहकांच्या व्हॉल्टच्या बॅकअपची प्रतच नेली आहे. त्यातले पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, साइटचे पत्ते मात्र उघडेच होते. ऑगस्टमधलं वाक्य त्या दिवशी खरं असेलही. पण ज्यांनी ते वाचून चार महिने काही केलं नाही त्यांना काय सांगणार?

नियामकही आता या गुळमुळीत भाषेकडे बघायला लागलेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) सोलरविंड्स प्रकरणात, म्हणजे त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या घुसखोरीच्या प्रकरणात, चार कंपन्यांवर कारवाई केली. आमच्याकडे चोरी झाली नाही, असं त्यांच्यातल्या कुणी ठणकावून सांगितलं होतं म्हणून नव्हे, तर जे माहीत होतं ते पातळ करून सांगितलं म्हणून. युनिसिसने घडून गेलेली घुसखोरी 'असा धोका असू शकतो' अशा थाटात मांडली होती. दंड ४० लाख डॉलर. अव्हायाने 'मर्यादित ईमेल' म्हटलं, आणि क्लाउडमधल्या निदान १४५ फाइल्स उघडल्या गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. दोघांनी आरोप कबूल न करता आणि न नाकारता प्रकरण मिटवलं.

कुणीतरी इथे उबरच्या तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखाचं, जो सलिव्हनचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो की ते तुमच्यासारखं नाही. २०१६ च्या चोरीत त्याने हॅकरांना बग बाउंटीच्या (त्रुटी शोधून कळवणाऱ्यांना द्यायच्या बक्षिसाच्या) नावाखाली १ लाख डॉलर दिले आणि त्यांच्याकडून सही घेतलेल्या करारात 'माहिती घेतलेली नाही' असं चक्क खोटं होतं. त्याला २०२२ मध्ये दोषी ठरवलं ते चौकशीत अडथळा आणल्याबद्दल आणि गुन्हा दडवल्याबद्दल. पत्रातल्या एका वाक्यावर सही केली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. घाबरून निर्णय घेऊ नका. आधी रिपोर्ट काढा.

---

हॅश की बॅश

तुम्ही सगळे पहिल्या वाक्यावर भांडताय, दुसरं तसंच सुटलं. 'पासवर्ड एन्क्रिप्टेड स्वरूपात होते' हे साफ चूक आहे. हॅश म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. एन्क्रिप्ट केलेलं किल्लीने उलगडता येतं, हॅश उलगडत नाही, तो अंदाज करून करून जुळवावा लागतो. ॲडोबीने २०१३ मध्ये पासवर्ड खरोखरच एन्क्रिप्ट केलेले होते, सगळे एकाच किल्लीने. दोघांचा पासवर्ड सारखा असला की कोड सारखाच दिसायचा, आणि शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेले इशारे उघडे पडलेले. कोडं सोडवायला बसल्यासारखे लोक बसले होते.

तुमचे एमडी५ वाले तर रामभरोसे आहेत. बीक्रिप्ट मुद्दाम संथ केलेलं असतं. एमडी५ साध्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावारी तपासून होतात. त्या लोकांचे पासवर्ड आजच्या आज रद्द करा. त्याला पत्राची आणि सहीची वाट बघायची गरज नाही. आणि शाळेच्या नावाचं काय? पासवर्ड बदलता येतो, पहिली शाळा कशी बदलणार?

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट काढला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू.

व्हेंडरला फाइल दिली तो दिवस दिसतो: ४० एमबी बाहेर. बरोबर, तेवढीच होती ती. म्हणजे मापात गडबड नाही. मग सलग अकरा आठवडे शून्य. मग एका गुरुवारी पहाटे तीन ते चार या तासात ७.२ जीबी. मग पुन्हा शून्य, थेट माझ्या मंगळवारच्या तुकड्यापर्यंत. त्या मेलवाल्याचं म्हणणंही जुळलं, त्याने खरंच उतरवलेली नाही.

७.२ कसे, फाइल तर ३.८ ची, म्हणून अर्धा तास अडलो. मग आठवलं की बॅकअप झाला की रोज रात्री एक आपोआप मेल येते, 'बॅकअप पूर्ण, साइज अमुक'. ती एका फोल्डरमध्ये जाते आणि कुणी उघडत नाही. त्या बुधवारची उघडली. ३.६ जीबी. म्हणजे कुणीतरी पूर्ण फाइल दोनदा नेली, किंवा दोघांनी एकेकदा. आमच्या पाचही जणांना विचारलं. त्या पहाटे कुणी जागं नव्हतं. रिस्टोअरची चाचणी क्लाउडच्या आतच चालते, ती बाहेर मोजली जात नाही.

---

अटी लागू

मग माझा वरचा शेरा रद्द समजा. 'सांगता येत नाही' ही जागा आता तुमच्याकडे उरलेली नाही. तोंडी काही बोलू नका. रिपोर्ट, ती बॅकअपची मेल आणि तुमचं लॉग बंद केल्याचं तिकीट, तिन्ही एकाच मेलमध्ये जोडून मॅनेजर आणि कायदा विभाग दोघांना पाठवा. तिकीट मुद्दाम म्हणतोय. ते दुसऱ्या कुणी शोधून काढण्याआधी तुमच्या हातून गेलेलं बरं.

परतीचा पाऊस, तुमचा मुद्दा मान्य. रोज तेच वाक्य तपासतो, ते वाचणाऱ्याला कसं लागतं हे विचारायचं राहूनच जातं.

---

रात्रपाळी

शेवटचं कळवतो.

मेल पाठवली, तिकिटासकट. एमडी५ वाल्यांचे पासवर्ड त्याच रात्री रद्द केले. प्रश्नोत्तरांनी खातं उघडायची सोयही बंद केली, ती परवानगी मात्र मागावी लागली. मॅनेजरचा पहिला प्रश्न: 'पण फाइल नेली म्हणजे गैरवापर झाला असं कुठे सिद्ध होतं?' दुसरा प्रश्न अपेक्षित होता तोच. लॉगबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. देतोय. त्यात 'हे लागतं का?' असं विचारणारी मेलही जोडतोय.

कायदा विभागातल्या बाईंनी मात्र चाळीस मिनिटं फोनवर एकेक आकडा समजून घेतला. नियामकाला कळवलं का, हेही त्यांना विचारलं. त्यांनी ते गेल्या शुक्रवारीच केलं होतं, आता आकडा घालून पुन्हा कळवतायत. सोमवारचं पत्र बुधवारी गेलं. 'पुरावा आढळलेला नाही' गेलं, 'एन्क्रिप्टेड'ही गेलं. त्याजागी आलंय: 'ही फाइल अनधिकृत व्यक्तीने उतरवून घेतल्याचे आमच्या नोंदींवरून दिसते.' 'किमान एकदा' घाला म्हटलं, ते नाही घातलं. लॉगचा उल्लेख कुठेच नाही. फॉर्मवर सही केली.

हे सगळं लिहिताना लक्षात आलं की ज्याने कळवलं त्या माणसाला आजवर कुणीच उत्तर दिलेलं नाही. काल त्याची तिसरी मेल आली होती, एका ओळीची: 'बंद केलीत का?' आत्ता त्याला लिहून आलो.