मदत हवी आहे: कंटेनरमधला पिड ३७ होस्टवर नेमका कोणता?

नमस्कार मंडळी, लिनक्सच्या पिड नेमस्पेसमध्ये अडकलोय (पिड म्हणजे प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा नंबर; नेमस्पेस म्हणजे प्रत्येक कंटेनरची आपापली वेगळी नंबरमालिका).

होस्टवर (मूळ मशीनवर) एक कंटेनर (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवायची बंदिस्त जागा) आहे आणि त्याच्या पोटात टेस्टिंगसाठी अजून एक. सगळ्यात आतला प्रोग्रॅम हँग झाला की लॉगमध्ये फक्त 'पिड ३७' एवढंच येतं. होस्टवर ३७ बघितला तर तो कर्नलचाच (लिनक्सच्या गाभ्याचाच) कुठलातरी थ्रेड (समांतर चालणारं काम) निघतो. काल रात्री दीड वाजता पीएस या कमांडने दाखवलेल्या प्रोसेसच्या यादीत डोळे फोडत बसलो होतो.

उलट दिशा सोपी आहे. होस्टवर /प्रॉक/२८४१९/स्टेटस (प्रॉक म्हणजे कर्नल जिथे प्रत्येक प्रोसेसची माहिती दाखवतो ती डिरेक्टरी) उघडलं की ही ओळ दिसते (कर्नल ४.१ पासून):

एनएसपिड: २८४१९ ६१२ ३७

डावीकडे होस्टचा नंबर, मग मधल्या कंटेनरचा, शेवटी आतला. मधल्या कंटेनरने स्वतःचं प्रॉक माउंट केलं असेल तर तिथून '६१२ ३७' एवढंच दिसतं.

मला ३७ वरून २८४१९ काढायचाय. सध्या माझी स्क्रिप्ट सगळ्या स्टेटस फाइली चाळते. पण ३७ काय, दुसऱ्या कंटेनरमध्येही असतोच! म्हणून प्रत्येक प्रोसेसच्या /एनएस/पिड लिंकचा आयनोडही (त्या नंबरावरून नेमस्पेस ओळखता येते) जुळवतो, त्याला रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागतं. आणि चाळून होईपर्यंत प्रोसेस मेली आणि तोच नंबर दुसऱ्याला मिळाला तर? कर्नलला थेट विचारता येत नाही का? आमचा कर्नल ५.१५ आहे.

प्रतिसाद १:
कर्नल ६.११ मध्ये नेमस्पेसच्या फाइल डिस्क्रिप्टरवर (उघडलेल्या फाइलच्या हँडलवर) आयओसीटीएल (कर्नलला थेट विचारायचा कॉल) आलाय, आतला पिड द्या, तुमच्या नेमस्पेसमधला परत मिळतो. ५.१५ वर तो नाही. तुमचा लॉग युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोसेसना आपसात बोलायचा मार्ग) जातो का? मग होस्टवरच्या रिसीव्हरवर एसओ_पासक्रेड हा सॉकेटचा पर्याय लावा. प्रत्येक मेसेजसोबत पाठवणाऱ्याचा पिड कर्नल स्वतःच जोडतो, तोही वाचणाऱ्याच्या नेमस्पेसमधला. प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. मेसेजच्या मजकुरातल्या पिडकडे मात्र ढुंकूनही बघू नका.

धागाकर्ता:
सॉकेट आहे, होस्टवरूनच आत माउंट केलंय! इतके दिवस मजकुरातला नंबरच पार्स करत होतो, कपाळ माझं. एक शंका: लॉग एखाद्या थ्रेडने लिहिला तर थ्रेडचा नंबर येईल का?

प्रतिसाद १:
नाही, प्रोसेसचाच येतो. थ्रेड हवा असेल तर त्या प्रोसेसच्या टास्क डिरेक्टरीतल्या स्टेटस फाइली बघा, तिथे प्रत्येक थ्रेडची वेगळी एनएसपिड ओळ असते. पंचवीस-तीस फाइली चाळायला काही वेळ लागत नाही.