गरोदरपणात मुतखड्याची शंका: पुन्हा सोनोग्राफी, एमआरआय की सीटी?

मंडळी, घाईत विचारतोय. बायकोला 22 वा आठवडा चालू आहे. परवा पहाटे उजव्या कुशीतून कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत, वर दोन उलट्या. ॲडमिट केलं, सलाईन आणि पॅरासिटामॉलवर दुपारपर्यंत उतार पडला. ताप नाही. लघवीत थोड्या लाल पेशी आहेत, इन्फेक्शन नाही. बाळाचे ठोके छान.

सोनोग्राफीत उजव्या किडनीला थोडी सूज, खडा मात्र दिसला नाही. गायनॅक मॅडम म्हणतात दोन दिवस थांबून परत सोनोग्राफी करू. युरॉलॉजिस्ट म्हणतात कळ पुन्हा आली तर एमआरआय. सासऱ्यांना गेल्या वर्षी सीटीत 5 मिमीचा खडा लगेच सापडला होता, त्यामुळे त्यांचं एकच, "सीटी काढा आणि मोकळे व्हा." सीटी म्हटलं की आईचा चेहरा उतरतो. मी मधल्या मधे. जी सोनोग्राफी एकदा चुकली तीच परत करून काय मिळणार?

निळीछत्री: रेडिऑलॉजिस्ट आहे, पण वहिनींना तपासलेलं नाही हे धरून वाचा.

आधी त्या सुजेबद्दल. गर्भाशय वाढलं की मूत्रवाहिनीवर (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) दाब येतो, त्यात हार्मोन्समुळे ती सैलावलेली असते. म्हणून या दिवसांत किडनी थोडी फुगतेच, आणि उजवी जास्त. नुसत्या सुजेवरून खडा ठरवता येत नाही. गर्भाशयाच्या दाबाची सूज साधारण कटीच्या हाडाच्या वरच्या कडेपाशी थांबते. त्याखालीही नळी फुगलेली असेल तर संशय वाढतो.

दुसरी सोनोग्राफी म्हणजे पहिलीचीच झेरॉक्स नसते. मूत्राशय भरलेलं ठेवून, डाव्या कुशीवर झोपवून डॉपलरवर (प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघतात की उजवीकडून लघवीची पिचकारी येतेय का. नळीच्या अगदी खालच्या टोकाचा खडा योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत जास्त नीट दिसतो. हे पहिल्या वेळी झालं होतं का, विचारा.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, गॅडोलिनियमचं (चित्र ठळक करणारं औषध) इंजेक्शनही गरोदरपणात टाळतात. पण खडा त्यात फक्त काळा ठिपका दिसतो, बारीक असला तर निसटतो. अडथळा कुठे आहे ते मात्र कळतं.

खडा शोधायला सीटीसारखं काही नाही, सासरे त्यांच्यापुरते बरोबरच आहेत. पण ते 22 आठवड्यांचे गरोदर नव्हते. कमी डोसच्या सीटीत बाळापर्यंत पोचणारे किरण 50 मिलिग्रेच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) बरेच खाली राहतात, आणि त्याखाली बाळात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. त्यामुळे आईंना सांगा, घाबरू नका. बाकी सगळं करून उत्तर मिळालं नाही आणि कळ थांबत नसेल, तर सीटीचा नंबर.

पोहेवाला: आमच्याकडे सातव्या महिन्यात हेच झालं. भरपूर पाणी, गाळून लघवी (चहाची गाळणी, पुन्हा वापरली नाही), सहाव्या दिवशी खडा पडला. सीटी नाही, एमआरआय नाही. दर सोनोग्राफीला एफ फॉर्म (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा) आणि आधारची झेरॉक्स मात्र लागली, जवळच ठेवा.

निळीछत्री: एक राहिलं. थंडी वाजून ताप, लघवी बंद, गोळीला न जुमानणारी कळ किंवा पोट दगडासारखं आवळणं, यातलं काहीही झालं तर कुठली तपासणी यावर चर्चा नको, सरळ हॉस्पिटल. तुंबलेल्या किडनीत इन्फेक्शन झालं तर स्टेंट (बारीक नळी) घालून वाट मोकळी करावी लागते. आणि घरातली डायक्लो किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. 20 आठवड्यांनंतर त्याने बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं.

धागाकर्ता: डायक्लोची पट्टी फ्रिजवरच होती, फेकली. मॅडमना विचारलं, पहिल्या वेळी डॉपलर झालाच नव्हता, रात्रपाळीत घाईत केलं होतं. उद्या सकाळी 10 ला डॉपलरसह. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.