इन्सियाडला प्रवेश मिळालाय: फॉन्तेनब्लो घ्यावं की सिंगापूर? सल्ला हवा

मुळशीकर
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीला इन्सियाड या बिझनेस स्कूलच्या एमबीएला प्रवेश मिळालाय. मेकॅनिकल झाल्यापासून ती चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे. घरात आनंदीआनंद आहे, पण आता निर्णय घ्यायची वेळ आलीय आणि प्रत्येकाचं मत वेगळं.

फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लोला सुरुवात करायची की सिंगापूरला, हे तिला कळवायचंय. बाबांचं म्हणणं, मूळ शाळा फ्रान्सची, मग सिंगापूरची ती शाखा. एवढे पैसे घालून शाखेत कशाला जायचं? मामा म्हणतात, अबू धाबी, सान फ्रान्सिस्को, जिकडे तिकडे दुकानं उघडणाऱ्या शाळेचा दर्जा पूर्वीसारखा राहिलेला नसणार. तिला स्वतःला पुढे कामासाठी आशियात राहायला आवडेल, पण युरोपही खुणावतंय. दहा महिन्यांत एमबीए पुरतं का, ही शंका आहेच. आणि कर्ज. फ्लॅट तारण ठेवायची आईबाबांची तयारी आहे, मला ते नकोय.

तिथे शिकलेलं किंवा जवळून पाहिलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

केतकी_सिंगापूर
मुळशीकर, बहिणीचं मनापासून अभिनंदन! मी तिथलीच, काही वर्षांपूर्वीच्या बॅचची. सिंगापूरला सुरुवात केली, शेवटचे महिने फॉन्तेनब्लोला होते. बाबांच्या शंकेचं उत्तर जरा लांबून द्यावं लागेल, कारण शाळा कशी वाढली हे कळलं की ती शंका बरीचशी मिटते.

इन्सियाडची स्थापना १९५७ ची. रोमचा करार झाला, युरोपच्या सामायिक बाजारपेठेचा पाया घातला गेला, तेच हे वर्ष. जॉर्ज डोरिओ मूळचे फ्रेंच, पण हार्वर्डला शिकवणारे. अमेरिकेतल्या व्हेंचर कॅपिटलच्या, म्हणजे नव्या कंपन्यांत भांडवल गुंतवण्याच्या धंद्यातल्या, अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी एक. त्यांच्यासोबत क्लोद जान्सन आणि ऑलिव्हिए जिस्कार देस्तँ. युद्ध संपून जेमतेम बारा वर्षं झाली होती. फ्रेंच आणि जर्मन मुलांना एका वर्गात बसवून एकत्र व्यवसाय करायला शिकवायचं, ही कल्पना तेव्हा सोपी नव्हती. पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सने पाठबळ दिलं आणि १९५९ मध्ये पहिला वर्ग भरला तो थेट फॉन्तेनब्लोच्या राजवाड्यात! नेपोलियनने १८१४ मध्ये आपल्या सैनिकांचा निरोप घेतला तोच हा राजवाडा. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा तीन भाषा यायलाच हव्यात असा तेव्हा दंडक होता. जंगलाला लागून असलेल्या आजच्या कॅम्पसमध्ये शाळा गेली १९६७ मध्ये, आणि मुलींना प्रवेशही त्याच सुमारास सुरू झाला.

आता सिंगापूर. तो कॅम्पस २००० साली सुरू झाला, पण त्याची तयारी वीस वर्षांची होती. १९८० मध्येच शाळेने फॉन्तेनब्लोला युरो-आशिया सेंटर काढलं. जपान, कोरिया, आग्नेय आशिया यांचा अभ्यास करणारे प्राध्यापक, तिथल्या कंपन्यांशी संबंध, आशियातल्या केसेस (वर्गात चर्चेला घेतात ती कंपन्यांची उदाहरणं), हे सगळं आधी जमवलं. आणि कॅम्पस उघडला तेव्हा वेगळी पदवी काढली नाही, वेगळा अभ्यासक्रम काढला नाही, प्राध्यापकवर्गही एकच मानला. प्रमाणपत्रावर सिंगापूर किंवा फ्रान्स असा भेद नसतो. पहिले दोन पीरियड, म्हणजे साधारण चार महिने, दोन्हीकडे तेच कोअर, म्हणजे सक्तीचे, विषय असतात. पुढे इलेक्टिव्हसाठी, म्हणजे आपण निवडायच्या विषयांसाठी, कॅम्पस बदलता येतो आणि बहुतेक मुलं बदलतात. बाबांना सांगा, ही शाखा नव्हे. एकाच शाळेच्या दोन इमारती आहेत, मध्ये समुद्र आहे इतकंच.

अबू धाबीचं केंद्र २००७ चं, २०१० मध्ये त्याला कॅम्पसचा दर्जा मिळाला. सान फ्रान्सिस्को २०२० चं. ते हबच आहे, तिथे काही कोर्स होतात, पूर्ण एमबीए नव्हे. म्हणून बहिणीचा प्रश्न खरोखर दोनच जागांचा आहे.

माझा सल्ला: आशियात नोकरी हवी असेल तर सुरुवात फ्रान्सला करून शेवट सिंगापूरला करावा. मी उलट केलं कारण मला तेव्हा युरोप हवा होता. मुलाखतींच्या काळात तुम्ही त्या शहरात असलात की फरक पडतो. कंपनीतला माणूस अर्धा तास कॉफीला भेटतो, ते फोनवर होत नाही.

विद्याधर_नि
केतकीताईंनी छान लिहिलंय. मी पुण्यात एका व्यवस्थापन संस्थेत शिकवतो, तिथे शिकलेलो नाही, त्यामुळे बाहेरून जे दिसतं ते लिहितो. मामांच्या शंकेला मी इतक्या लवकर बाजूला सारणार नाही.

वाढ म्हणजे नुसते कॅम्पस नव्हेत. एमबीएलाच वर्षाला दोन बॅच मिळून हजाराच्या आसपास विद्यार्थी घेतले जातात. त्यावर पीएचडी, २००३ पासून नोकरी करणाऱ्या अनुभवी लोकांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए, २०२० पासून नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी मास्टर इन मॅनेजमेंट, आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचे छोटे कोर्स. या शाळेमागे कुठलं मोठं विद्यापीठ उभं नाही, ती स्वतःच्या कमाईवर आणि देणग्यांवर चालते. अशा शाळेला वाढावंच लागतं. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला असलेलं आयएमडी हे बिझनेस स्कूल बघा, तिथे एमबीएचा वर्ग शंभरेक जणांचा असतो आणि डीनपासून सगळे तुम्हाला नावाने ओळखतात. इन्सियाडला ते होणार नाही. लोकप्रिय इलेक्टिव्हसाठी पॉइंट्स लावून बोली करावी लागते. हव्या त्या प्राध्यापकांचा कोर्स प्रत्येकाला मिळतोच असं नाही.

पण दर्जा घसरला, असंही मी म्हणणार नाही. फायनान्शियल टाइम्सच्या एमबीएच्या जागतिक यादीत २०१६, २०१७ आणि २०२१ या वर्षी शाळा पहिली होती, म्हणजे वाढ झाल्यानंतर. रँकिंगवर मी फार विसंबत नाही, पण मामांना हा आकडा जरूर सांगा. आपल्याकडच्या आयएसबीनेही (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) हाच मार्ग धरला: २००१ ला हैदराबाद, २०१२ ला मोहाली, पदवी एकच, वर्षही एकच. तुमच्या बहिणीने तिथे अर्ज केला होता का? खर्चाची तुलना करायलाच हवी.

मुळशीकर
केतकीताई, विद्याधर सर, खूप आभार. बाबांना केतकीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी राजवाड्याचा भाग दोनदा वाचायला लावला. आयएसबीला अर्ज नव्हता केला, तिला भारताबाहेरचाच वर्ग हवा होता. एका सल्लागार संस्थेने तर दोन्ही ठिकाणच्या पदव्या वेगळ्या असतात असं छातीठोक सांगितलं होतं, त्यामुळेच हा गोंधळ. सर म्हणतात तसं हजार मुलांत हरवून जायला होतं का? ती तशी अबोल आहे.

केतकी_सिंगापूर
हजारांत हरवेल, पण पाच-सहा जणांत हरवणार नाही. कोअरच्या काळात अभ्यासगट शाळाच ठरवून देते, आणि तो मुद्दाम बेमेळ करते. माझ्या गटात एक जर्मन इंजिनियर, लागोसचा बँकर, ब्राझीलची मार्केटिंगवाली, एक लेबनीज सल्लागार आणि मी. पहिल्या आठवड्यात अकाउंटिंगची केस आली. जर्मन मुलगा आल्या आल्या म्हणाला, तुमचं उत्तर चुकलंय. त्याच्या लेखी ती मदत होती. ब्राझीलच्या मुलीचे डोळे भरले. लागोसचा मित्र म्हणाला, आधी जेवू, मग केस बघू. मी गप्प बसले होते. तर त्या जर्मनानेच विचारलं, तुला काय वाटतं ते का सांगत नाहीस, गटाचे गुण कमी होतात त्याने. त्या गटात गप्प बसायची सोयच नाही. बहिणीला खरेदीचा अनुभव आहे ना? सप्लायरशी घासाघीस केलेली मुलगी ऑपरेशन्सच्या आणि वाटाघाटींच्या वर्गात मागे पडणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

एकाच देशाच्या मुलांचा जथा होऊ नये यावरही शाळेचा कटाक्ष आहे. भारतीय भरपूर आहेत, पण वर्ग त्यांचा नाही. मला वाटतं वाढीतून शाळेने काय टिकवलं, तर हेच. २०११ मध्ये दीपक जैन डीन झाले, आसामात तेजपूरला वाढलेले, आधी अमेरिकेतल्या केलॉग या बिझनेस स्कूलचे डीन. तेव्हाही कुणाला शाळा भारतीय झाली असं वाटलं नाही, इतकी सवय आहे तिथे.

दहा महिन्यांबद्दल: कामाचं क्षेत्र बदलायचं असेल तर जानेवारीची बॅच बरी, त्यात मध्ये उन्हाळ्यात इंटर्नशिपला जागा असते. ऑगस्टच्या बॅचला ती नसते. तिची कुठली?

मुळशीकर
ऑगस्टची. तिला खरेदीतून कन्सल्टिंगला, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या कामात, जायचंय.

केतकी_सिंगापूर
मग चालेल. कन्सल्टिंगवाले इंटर्नशिप नसलेल्यांनाही घेतात, इन्सियाड ही त्यांची जुनी भरतीची जागा आहे. एक मात्र ध्यानात ठेवा: प्लेसमेंटच्या आकड्यांत जे कन्सल्टिंगला गेले दिसतात, त्यांतले बरेच त्या कंपन्यांनीच पैसे भरून पाठवलेले असतात आणि तिथेच परततात. अहवालात ते वेगळे दाखवतात, तो रकाना नीट बघा. आणि केस इंटरव्ह्यूचा (मुलाखतीत एखाद्या कंपनीचा प्रश्न सोडवायला देतात त्याचा) सराव इथूनच सुरू करायला सांगा, तिथे पोचल्यावर वेळ मिळत नाही.

हिशोबनीस
पैशांचं मी बघतो, बँकेत तीच खुर्ची आहे माझी.

फी एक लाख युरोच्या वर आहे. राहणं-खाणं धरलं तर सव्वा कोटीच्या पुढे जाईल असं धरून चाला. फ्लॅट तारण न ठेवता दोन वाटा आहेत. एक, आपल्याकडच्या बँका आणि शैक्षणिक कर्ज देणाऱ्या एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्था. नावाजलेल्या शाळांसाठी काही जण विनातारण देतात, पण रकमेला मर्यादा असते आणि सहकर्जदार लागतो. दोन, परदेशी कर्जदाते. प्रॉडिजी फायनान्स ही कंपनी तर २००७ मध्ये इन्सियाडच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केली, कारण परदेशी मुलांना स्थानिक बँका दारात उभं करत नव्हत्या. तिथे तारण नाही, जामीनदार नाही, पुढच्या कमाईचा अंदाज बघून कर्ज देतात. पण व्याजदर बदलता असतो आणि परतफेड परकीय चलनात असते. पुढे भारतात परतून रुपयांत पगार घ्यायचा विचार असेल तर हा धोका नीट समजून घ्या.

जे. एन. टाटा एन्डोमेंटला अर्ज करा. १८९२ पासून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना मुंबईतून कर्ज-शिष्यवृत्ती देणारी ही संस्था आहे. रक्कम एकूण खर्चापुढे लहान असते, पण व्याज अगदी कमी आणि नावाला वजन आहे. शाळेच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांचे निबंध वेगळे लिहावे लागतात. महिलांसाठी आणि विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळ्या आहेत, दोन्हीकडे अर्ज करायला सांगा.

कराचं: मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलंत तर लागतो. म्हणून बचत भारतातल्या खर्चाला ठेवा आणि फी कर्जातून जाऊ द्या. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची करातली वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते आणि आठ वर्षांपुरती असते.

आईबाबांचा फ्लॅट शक्यतो मोकळाच ठेवा, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

रेणुका_पॅरिस
मी पॅरिसजवळ राहते, शाळेशी संबंध नाही, पण दोन भाच्यांना तिथे सोडायला गेले आहे.

गार द ल्योनहून फॉन्तेनब्लो-अव्हों स्टेशन गाडीने चाळीसेक मिनिटं. गाव देखणं आहे, जंगल सुंदर आहे, दगडांवर चढायला सगळ्या युरोपातून माणसं येतात. पण गावच आहे ते. मुलं आसपासच्या खेड्यांत चार-पाच जण मिळून जुनी मोठी घरं घेतात. घरं एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात, म्हणून विद्यार्थ्यांच्या गटातूनच शोधावं. गाडीशिवाय लांबच्या खेड्यात अडकायला होतं. बहिणीला गाडी चालवता येत नसेल तर फॉन्तेनब्लो किंवा अव्होंमध्येच खोली घ्यायला सांगा, थोडी महाग पडली तरी. दुकानं रविवारी दुपारी बंद. कुकर इथून घेऊन जाऊ दे. तूरडाळ हवी असेल तर पॅरिसमध्ये गार द्यु नोरजवळ ला शापेलला आपली दुकानं आहेत.

फ्रेंच आतापासून शिकायला लागू दे. पुण्यात आलियाँस फ्रांसेज आहेच. शाळेचे वर्ग इंग्रजीत चालतात, पण वीजबिल, बँक, घरमालकीणबाई, सगळं फ्रेंच.

व्हिसाबद्दल: शिकून झाल्यावर नोकरी शोधायला थांबण्याबाबत भारत-फ्रान्स करार आहे, २०१८ ला सह्या झाल्या. तिची पदवी त्यात कशी बसते ते प्रवेश विभागाला ईमेलवर विचारून लेखी घ्या.

केतकी_सिंगापूर
रेणुकाताई, कुकरला अनुमोदन. सिंगापूरला जगणं सोपं आहे, वन-नॉर्थ आणि डोव्हर भागात कॅम्पसच्या चालण्याच्या अंतरावर कॉन्डो मिळतात. पण तिथला एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, सप्टेंबर २०२३ पासून कम्पास नावाच्या गुणपद्धतीवर मिळतो. पगार, पदवी, कंपनीत आधीच किती एका देशाचे लोक आहेत, असे गुण मोजतात. भारतीयांचा भरणा असलेल्या कंपनीत तुमचे गुण त्या रकान्यात कमी होतात. मुलाखत देण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

मुळशीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बहीण शेजारी बसून वाचत होती. फॉन्तेनब्लोला सुरुवात आणि शेवटचे पीरियड सिंगापूरला, असं तिने ठरवलंय. टाटा एन्डोमेंटचा फॉर्म उघडलाय. हिशोबनीस, दोन एनबीएफसींची मंजुरीपत्रं आली की इथेच टाकतो, कृपया नजर घालाल का? रेणुकाताई, तिला गाडी येते, पण लायसन्स इथलं आहे. ते तिथे चालतं का?

रेणुका_पॅरिस
विद्यार्थी व्हिसावर शिक्षण चालू असेपर्यंत भारतीय लायसन्स चालतं, पण सोबत फ्रेंच भाषांतर लागतं. निघण्यापूर्वी पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून घ्या. आणि तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा पहिले काही दिवस शेजारी कुणाला तरी बसवूनच चालवू दे.

हिशोबनीस
टाका जरूर. प्रोसेसिंग फी आणि मोराटोरियममधल्या (हप्ते सुरू होण्याआधीच्या काळातल्या) व्याजाचं पानही स्कॅन करा, बहुतेक लोक तेच सोडतात.