नागमोडी केस वाळल्यावर आखूड का होतात?

वळणवेडी
माझे केस धड सरळ नाहीत आणि धड कुरळेही नाहीत. मुळाशी ते सपाट असतात आणि कानाच्या खाली गेल्यावर वळणे घेऊ लागतात. गेल्या महिन्यात ते खांद्याच्या खाली चार बोटे राहतील असे सांगून कापून घेतले. ओले असताना लांबी नेमकी होती, परंतु वाळल्यावर केस खांद्यापर्यंत चढले, उजवी बाजू डावीपेक्षा आखूड दिसू लागली आणि खालचा भाग तंबूसारखा फुगला. केस दाट आहेत म्हणून थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्रीही बरीच फिरवली गेली. चूक कापण्यात झाली, की माझ्या निगराणीत? मी एक दिवसाआड शाम्पू करते, टॉवेलने खसाखसा पुसते आणि वाळल्यावर विंचरते.

कात्रीवाला
लांबीचा दोष कापण्याचाच आहे. पाणी शिरले की केसातील हायड्रोजन बंध सुटतात, केस सैल पडतो आणि कंगव्याच्या ताणाने आणखी लांब होतो. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि वळण केसाला वर ओढून घेते. त्यातही प्रत्येक बट सारखीच वर चढत नाही; मानेजवळची आणि कपाळाजवळची वळणे एकाच डोक्यावर वेगळी असतात. म्हणून मी असे केस कोरडे असताना, ताण न देता, ते जसे पडतात तसेच पडू देऊन कापतो. ओले कापायचेच असतील तर दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून वाळल्यावर उरलेले काम करावे.

तंबू होतो तो सगळे केस एकाच लांबीवर आल्याने. लांब थर दिले की तळाचा भार हलका होतो. थिनिंगने मात्र आतल्या आत आखूड केस तयार होतात, ते उभे राहतात आणि वरच्या केसांना बाहेर ढकलतात, म्हणजे ज्या फुगवट्यासाठी कात्री चालवली तोच वाढतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा तीन-चार महिने धीर धरा आणि त्या कात्रीला पुन्हा जवळ येऊ देऊ नका.

गुंतागुंत
निगराणीतही सुधारणेला जागा आहे. वाळलेले नागमोडी केस विंचरले की वळणे सुटतात आणि हाती पिंजलेला कापूस येतो. हे मी कित्येक वर्षे करत होते. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सरकत गुंता काढा. पाणी निथळत असताना थोडे जेल लावा, डोके खाली वाकवा आणि टोके ओंजळीत घेऊन मुळांकडे नेत हलकेच दाबा. नंतर जुन्या सुती टी-शर्टने पाणी टिपून घ्या, चोळू नका. वाळेपर्यंत केसांना हात लावायचा नाही, आणि खरे सांगायचे तर मला हेच सर्वांत अवघड गेले. वाळल्यावर बटा खळ दिलेल्या कापडासारख्या कडक लागतील; त्या तळहातांत चुरगाळल्या की मऊ होतात. कुरळ्या केसांची जड क्रीम मात्र टाळा, कारण त्यांच्या वजनाने आपली सैल वळणे सपाट होतात.

सरळमार्गी
कोरडे कापणे हाच एक मार्ग आहे, असे मला वाटत नाही. माझे केस ओलेच कापतात आणि उत्तम बसतात, कारण कापणाऱ्या ताई आधी वाळलेले केस पाहतात. त्यामुळे वेणी किंवा अंबाडा घालून कापायला जाऊ नका. त्यात खरे वळण दिसतच नाही.

वळणवेडी
आज वाळलेल्या केसांना कंगवा लावलाच नाही; फुगवटा बराच बसला. उजवी बाजू मात्र अजून आखूडच दिसते.

कात्रीवाला
भांग डावीकडे पाडत असाल तर केसांना डोके ओलांडून उजवीकडे यावे लागते, आणि तेवढी लांबी वाटेतच खर्च होते. पुन्हा कात्री लावण्यापूर्वी भांग मधोमध पाडून पाहा. पुढच्या वेळी रोजचा भांग पाडूनच खुर्चीत बसा.